चोविसातला एक गळ

लग्न होऊन मी बालाघाटला आले तेव्हा माझे सासरे, म्हणजे मामंजी, नुकतेच रिटायर झाले होते. जंगल खात्यात त्यांनी आयुष्यभर नकाशे काढले. बैहरच्या बाजूचा एकेक नाला, एकेक पायवाट त्यांच्या हातून कागदावर उतरली होती. पण मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते चहा बशीत ओतताना. थोडा बशीत, थोडा धोतरावर. त्यांचे दोन्ही हात थरथरायचे. त्या हातांकडे कोणी बघायचं नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, तरी चार दिवसांत कळलं.

आमच्या घरात मासे शिजत नसत. सासूबाईंना वाससुद्धा चालायचा नाही. आणि तरी मामंजींच्या टेबलाला एक छोटा शेगडा, म्हणजे लोखंडी पकड, कायम आवळलेला असायचा, आणि त्यात मासे धरायचे गळ पकडून पूर्वी ते त्यावर पिसं आणि केस बांधायचे. याला ते माशी बांधणं म्हणत. हे त्यांना एका इंग्रज साहेबानं शिकवलं होतं. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं तो साहेब बैहरला राहिला होता. सुट्टीच्या दिवशी नदीवर जायचा, लांब लवचिक काठी घेऊन, आणि गळाला किडा किंवा कणीक न लावता ही खोटी माशी लावून मासे धरायचा. नकाशे काढणाऱ्या माणसाचा हात स्थिर असतो, म्हणून त्यानं मामंजींना हाताशी धरलं. पुढे तो आपल्या देशात परत गेला, समुद्राकाठच्या कुठल्या गावात राहू लागला. पण वर्षातून एकदा त्याचं पार्सल यायचं. त्यात कोरे गळ, एक चित्र, आणि मामंजींसाठी शिसपेन्सिलींची डबी. मामंजी त्या गळांवर माश्या बांधून त्याला परत पाठवत. तिकडच्या दुकानातली माशी दोन हिसड्यांत सुटते, तुमची सुटत नाही, असं तो लिहायचा. हे वाक्य मामंजी सगळ्यांना वाचून दाखवत.

माझ्या लग्नानंतरचं पहिलं पार्सल आलं तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मामंजींनी गळ शेगड्यात धरायचा तीनदा प्रयत्न केला. तीनदा तो टणकन टेबलावर पडला. मग मान वर न करता ते म्हणाले, "सूनबाई, तुले सुईत दोरा ओवता येते ना?"

"हौ, मामंजी."

"मंग बस इथं."

असं मी शिकले. ते सांगायचे, मी बांधायची. हातानं दाखवणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून सगळं बोलून. दोऱ्याला आधी मेण लाव. मागून पुढं गुंडाळ. ताण दे, पण तुटू देऊ नको. मला माहेरी भरतकामाची सवय होती, त्यामुळे बोटं लवकर वळली. पण गळाची भीती मला पहिल्या दिवसापासून वाटली. त्याच्या टोकाशी, आतल्या बाजूला, एक बारीक उलटा काटा असतो. मामंजींनी तो भिंगाखाली दाखवला आणि म्हणाले, "हा आत जाते, मागं येत नाही. बोटात गेला तर ओढायचा नाही. पुढं ढकलून दुसरीकडून काढा लागते."



मुलगी झाली तेव्हा मी हे काम सोडेन असं सासूबाईंना वाटलं होतं. मलाही वाटलं होतं. पण मामंजी विचारायचे नाहीत, नुसते पार्सल टेबलावर ठेवून बसून राहायचे, आणि ते मला पाहवायचं नाही. मुलगी रांगायला लागली तशी मी नियम केले. काम मधल्या खोलीत, दाराला कडी लावून. गळ तंबाखूच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात. डबा कपाटावर. रोज काम संपताना गळ मोजायचे आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडताना परत मोजायचे.

मुलगी नऊ महिन्यांची होती तेव्हा साहेबाचं जे पार्सल आलं, त्यात चोवीस गळ होते, आणि या वेळचं चित्र नेहमीपेक्षा वेगळं होतं. त्याला आता नदीवर जाणं होत नव्हतं. खाडीच्या तोंडाशी, उथळ पाण्यात उभा राहून तो एक चपटा मासा धरायचा. तो मासा त्यानं कागदावर काढून पाठवला होता. ताटलीसारखा, वाळूत अंग पुरून पडलेला, आणि दोन्ही डोळे एकाच बाजूला. आपल्याकडे कोकणात अशाच जातीच्या माशाला भाकस म्हणतात हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मी ते चित्र पाहून कागद उलटा ठेवला होता. दिवस भरत आलेल्या बाईनं असं काही पाहू नये, असं सासूबाई म्हणाल्या. माझं बाळंतपण केव्हाच होऊन गेलं होतं, तरी मी कागद उलटाच ठेवला.

या माशासाठी माशी तळाशी जायला हवी होती. म्हणून गळाच्या दांडीला आधी शिशाची बारीक तार गुंडाळायची. वैनगंगेवरच्या ढीमरांकडून, म्हणजे कोळ्यांकडून, जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या आणल्या, त्या ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ठोकून ठोकून तारेसारख्या केल्या. वर बकरीच्या शेपटीचे पांढरे केस. आणि गळाचं टोक वर राहील असं सगळं वजन बांधायचं, नाहीतर तो वाळूत अडकतो. शिवाय थोडी चमक हवी होती. पाण्याच्या तळाशी मासा चमकेकडे बघतो, असं पत्रात होतं. चमकेसाठी मी माझ्या लग्नातल्या मुंडावळ्यांची रुपेरी जर उसवली. सासूबाईंना न सांगता. त्या मुंडावळ्या त्यांनी स्वतः गोंदियाहून आणल्या होत्या आणि पेटीत जपून ठेवल्या होत्या.

चार दिवसांत नऊ माश्या बांधून झाल्या. पंधरा गळ डब्यात उरले.

पाचव्या दिवशी सकाळी हे दौऱ्यावर बैहरला गेले. मी मुलीला न्हाऊ घातलं, मधल्या खोलीत चटईवर बसवलं, आणि तिच्या हातात लाकडी खुळखुळा दिला. आज बांधायला बसणार नव्हते, फक्त डबा काढून गळ मोजून ठेवणार होते, म्हणून तिला आत घेतलं. मोजले. चौदा.

परत मोजले. डबा कागदावर उलटा केला, एकेक गळ नखानं बाजूला सरकवला. चौदा.

मी खाली पाहिलं. मुलगी चटईवर नव्हती. टेबलाच्या पायाशी पालथी पडून ती जमिनीवरून काहीतरी तोंडात घालत होती.

मी तिला उचललं, तोंडात बोट घातलं. धान्याचा एक तूस निघाला. आणखी काही नाही. पण ती खोकत होती. दोन दिवस तिला सर्दी होती, खोकला होताच, पण त्या क्षणी तो खोकला मला नवा वाटला. आणि तिच्या झबल्याच्या गळ्याशी, लाळेच्या ओल्या डागात, एक गुलाबी रेघ होती. रक्ताची.

मी ओरडले असेन. मला आठवत नाही. सासूबाई धावत आल्या हे आठवतं.

"काय झालं? काहून ओरडून राह्यली?"

"एक गळ कमी आहे आत्याबाई. हिनं गिळला."

सासूबाईंचा चेहरा राखेसारखा झाला. त्या आत गेल्या आणि एका हातात एरंडेलाची बाटली, दुसऱ्या हातात केळं घेऊन आल्या. "दे हिले इकडं. केळं चारतो, मंग एरंडेल देतो. पोटातून निघून जाईल. माह्या भावानं पैसा गिळलता, असाच काढला."

मला काय करावं ते कळेना. मी मुलीला त्यांच्याकडे देणारच होते, तेवढ्यात मामंजी दारात आले. अंगात सदरा, हात दोन्ही चौकटीला धरलेले.

"नको," ते म्हणाले. "काहीच देऊ नका. पैसा गोल असते. हा पैसा नाही."

पुढचं मला ठाऊक होतं. आत जाते, मागं येत नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका डॉक्टरांचा दवाखाना होता. मी पदर खोचून मुलीला घेऊन धावतच गेले, मागून सासूबाई. डॉक्टरांनी टॉर्च लावून घसा पाहिला, पोट दाबून पाहिलं. मुलगी किंचाळत होती. खालच्या हिरडीवर त्यांनी बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. त्यावर थोडं रक्त होतं.

"दात येतोय," ते म्हणाले. "रक्त कदाचित याचंच असेल."

"कदाचित?"

"बाई, मी खोटं कशाला सांगू? घशात तर काही दिसत नाही. त्याच्या खाली मला दिसणार नाही. गोंदियाला जा. तिथं एक्स-रे काढून घ्या. मी चिठ्ठी देतो. आणि फोटो होईपर्यंत हिला काही देऊ नका. दूधसुद्धा नाही."

"अंगावरचं?"

"तेही नको."

गोंदियाची गाडी दुपारी होती. छोट्या लायनीची गाडी, दर स्टेशनवर थांबणारी. मामंजी आमच्यासोबत निघाले होते, पण सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही घरीच राहा. घर पाहा. जमिनीवर कुठं पडला असंल तर सापडंल." त्यांनी मान हलवली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा ते मधल्या खोलीत गुडघ्यांवर बसून फरशीच्या फटींवरून हात फिरवत होते.

त्या प्रवासाबद्दल मी आजवर कोणाशी फारसं बोलले नाही. मुलगी भुकेली होती. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. ती माझ्या छातीशी तोंड घासायची, पदर ओढायची आणि मी तिला बाजूला करायची. तिच्या रडण्यानं मला पान्हा फुटायचा, पोलकं ओलं व्हायचं, तो वास तिला यायचा आणि ती आणखी रडायची. शेवटी सासूबाईंनी तिला माझ्याकडून घेतलं आणि त्या डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या, माझ्याकडे पाठ करून, म्हणजे तिला मी दिसू नये.

गाडी रुळावर हिसके द्यायची. प्रत्येक हिसक्याला मला वाटायचं, आत्ता तो गळ सरकला. आत्ता रुतला. बांधताना मी हजारदा पाहिलेलं ते वाकडं टोक मला तिच्या पोटात दिसायचं, अगदी भिंगाखाली दिसावं तसं. मी डोळे मिटायची तर जास्तच दिसायचं. समोर बसलेली एक म्हातारी परसवाड्याकडची असावी, टोपलीत सीताफळं होती. तिनं विचारलं, "बच्ची को क्या हुआ?" मी सांगितलं, दात येतात. खरं सांगायची हिंमत झाली नाही. सांगितलं असतं तर तिच्या चेहऱ्यावर जे आलं असतं, ते मला पाहायचं नव्हतं.

सकाळपासून सासूबाई मला एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. गळ घरात नको, असं त्या पहिल्यापासून म्हणत होत्या. मी उठून त्यांच्याकडे गेले. मुलगी रडून रडून त्यांच्या खांद्यावर झोपली होती.

"आत्याबाई," मी म्हणाले, "मी मुंडावळ्यांची जर काढली. माशीसाठी. तुम्हाला सांगितलं नाही. म्हणूनच हे झालं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल होते.

"मले माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पेटी मी पाहतो ना. मुंडावळ्याइनं काही होत नाही. वेडी. बस इथं. पण तिच्याकडं तोंड करू नको, उठंल ती."

मी त्यांच्या शेजारी पाठ करून बसले. गोंदिया येईपर्यंत आम्ही तशाच बसलो होतो.

दवाखान्यात पुन्हा थांबावं लागलं. किती वेळ ते सांगता येत नाही. मग एका अंधाऱ्या खोलीत नेलं. यंत्र चालवणारा माणूस हिंदी बोलायचा. "गले में कुछ है तो निकाल दो. ताबीज, पिन, कुछ भी." मी तिच्या गळ्यातला काळा दोरा काढून सासूबाईंकडे दिला. त्याला वाघनख होतं, चांदीत मढवलेलं. मामंजींच्या नोकरीतलं, माझ्या नवऱ्याच्याही गळ्यात लहानपणी तेच होतं. मुलीला थंड टेबलावर निजवलं. मी तिचे हात धरले, सासूबाईंनी पाय. ती इतकी रडली की शेवटी आवाजच येईना, नुसतं तोंड उघडं.

काच धुवून येईपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मग तिथल्या डॉक्टरांनी आत बोलावलं. ते उजेडासमोर ती काळी काच धरून उभे होते. मी जवळ गेले. तिच्या बारीक बारीक फासळ्या दिसत होत्या, पाखराच्या असाव्यात तशा. आणि खाली, कमरेच्या जरा वर, एक पांढरी वाकडी रेघ. एका टोकाला गोल कडी.

गळालाही अशीच कडी असते. दोरा ओवायची.

मला एवढंच आठवतं की मी भिंत धरली. भिंत गार होती. डॉक्टर काहीतरी विचारत होते, किती मोठा होता, किती मोठा होता, आणि मला बोटाचं पेर दाखवायचं होतं पण हात उचलवत नव्हता.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांबा." त्यांचा आवाज विचित्र झाला होता. त्यांनी मुलीचं झबलं वर केलं. तिच्या कमरेच्या करदोड्यात, पाठीकडे, वाघनख बांधलेलं होतं.

"मी बांधलं," त्या म्हणाल्या. "गळ्यातून काढलं तवा. अंगावर काहीतरी राहू द्या म्हटलं. नजर... मले वाटलं, गळ्यात नाही ना, कमरेले बांधलं तर..."

डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं करदोडा सोडला आणि यंत्रवाल्याला हाक मारली. दुसरा फोटो काढला. दुसऱ्या काचेत फासळ्या होत्या, आणि काही नव्हतं. डॉक्टरांनी ती काच दोनदा उजेडाला लावून पाहिली. "पेट साफ है. लोहा कुछ नहीं है. दूध पिलाओ."

मी तिथेच जमिनीवर बसून तिला पाजलं. आडोसाबिडोसा काही पाहिलं नाही. सासूबाई समोर उभ्या राहून लुगड्याचा पदर पसरून आडोसा करत होत्या आणि रडत होत्या. आवाज न करता.

लोकांना वाटतं, असं काही टळलं की माणूस हलका होतो. माझं तसं झालं नाही. मुलगी पिऊन झोपली आणि लगेच मला वाटलं, मग तो गळ कुठं आहे? पोटात नाही म्हणजे घरात आहे. चटईत, गोधडीत, तिच्या झोळीच्या कापडात. परत जाऊन मी तिला कुठं ठेवणार? परतीच्या गाडीत मी तेच म्हणत होते आणि सासूबाई म्हणत होत्या, "सापडंल. ते पाहून राह्यले असतील." पण त्यांनाही तेच वाटत होतं. त्यांनी माझ्या पदराची घडी चाचपून पाहिली, मग स्वतःच्या लुगड्याची, मग मुलीच्या झबल्याची शिवण न् शिवण.

बालाघाट आलं तेव्हा दिवे लागले होते. थंडी पडली होती. फलाटावर मामंजी उभे होते. नुसता सदरा अंगात, आणि त्यांची लोकरीची बंडी हातात, छातीशी घट्ट धरलेली.

आधी त्यांनी मुलीकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "काही नाही. फोटोत काही नाही. दूध पेली." मामंजी फलाटावरच्या बाकावर बसले. मग त्यांनी खिशातून आगपेटी काढली आणि माझ्यापुढे केली. ती त्यांच्या हातात खडखड वाजत होती.

आत गळ होता. पण कोरा नव्हता. त्याच्या दांडीवर दोरा गुंडाळलेला होता, वाकडातिकडा, कुठे गठ्ठा, कुठे उघडं लोखंड. चार पांढरे केस कसेबसे धरलेले.

"घर सगळं उलटं केलं," ते म्हणाले. "गाद्या उसवल्या. मंग तुम्हाले घ्यायले निघालो, थंडी होती म्हणून बंडी घातली, तर इथं टोचलं." त्यांनी बंडीचा आतला खिसा दाखवला. "हे माह्या हातचं आहे, सूनबाई. तुह्या हातचं असं नसते. हे मीच बांधलं."

"कधी, मामंजी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेतली भीती माझ्या दिवसभराच्या भीतीपेक्षा वेगळी होती. मी ती पूर्वी कोणाच्या डोळ्यांत पाहिली नव्हती.

"तेच तर मले आठवत नाही," ते म्हणाले. "दिवसभर आठवून राह्यलो. डबा मी केव्हा काढला, केव्हा बसलो, काहीच नाही. सकाळी तू ओरडली तवा मी तुह्यासमोर उभा होतो, आणि मले ठाऊक नव्हतं. खरंच ठाऊक नव्हतं."

फलाटावरची माणसं पांगली. मग सासूबाईंनी त्यांच्या हातातून बंडी घेतली, झटकली, चारही खिसे उलटे करून पाहिले आणि त्यांच्या अंगात घातली. बटणं लावली. "चला," त्या म्हणाल्या. "थंडी वाजून राह्यली तुम्हाले."

दुसऱ्या दिवशी हे बैहरहून आले. सगळं ऐकून त्यांचा संताप झाला. डबा, शेगडा, पिसं, सगळं वैनगंगेत टाकतो म्हणाले. मामंजी म्हणाले, "टाक." इतकं सरळ म्हणाले की ह्यांनी उचललेला डबा खाली ठेवला. डबा टेबलावर तसाच राहिला. उरलेले चौदा गळ मी शेजारच्या घरी मुलीला ठेवून ओसरीवर बसून बांधले. बांधायची इच्छा नव्हती, एकेक गळ उचलताना मी मोठ्यानं आकडा म्हणायची. मामंजी समोर बसायचे, पण या वेळी काही सांगायचे नाहीत. तेवीस माश्या पाठवल्या. आगपेटीतला तो गळ ह्यांनी पकडीनं मोडून मागच्या अंगणात खोल खड्डा करून पुरला. पुढच्या वर्षी पार्सल आलं ते ह्यांनी न उघडता परत केलं, सोबत एक पत्र लिहून. पत्रात काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

मामंजींचं विसरणं त्यानंतर वाढत गेलं. की आम्हाला ते दिसायला लागलं, कोण जाणे. एकदा ते ऑफिसला जायला म्हणून बैहरच्या बसमध्ये बसले. कंडक्टर ओळखीचा होता, त्यानं उतरवून घेतलं. एकदा पेटलेली रॉकेलची चिमणी त्यांनी कपाटात ठेवली आणि दार लावलं. घरात चालणारं, खेळणारं मूल आणि घरात काय कुठे ठेवलं हे न आठवणारा माणूस. माझे ते सगळे दिवस त्या दोघांच्या मधे उभं राहण्यात गेले.

त्या काळात एक गोष्ट त्यांनी आपणहून सुरू केली. संध्याकाळी जेवण झालं की ते माझ्यासमोर येऊन उभे राहायचे आणि दोन्ही हात वर करायचे. "पाहून घे," म्हणायचे. मी त्यांचे खिसे तपासायची. सदऱ्याचा, बंडीचा, आतला, बाहेरचा. पहिल्या दिवशी मला लाज वाटली, मी नको म्हटलं, तर ते म्हणाले, "पाहून घे सूनबाई. माह्यावर भरवसा नको ठेवू. मी बी ठेवत नाही." त्यांच्या वर धरलेल्या हातांची थरथर माझ्या केसांना लागायची. खिशात काय काय निघायचं. अर्धं बिस्कीट, दाराची किल्ली, मुलीचा एक मोजा, पेन्सिलीचं टोक. मी ते काढून बाजूला ठेवायची. ते विचारायचे, "निघालं काही?" मी म्हणायची, "काही नाही मामंजी."

एका संध्याकाळी बंडीच्या खिशात दाढीचं पातं होतं. कागद नसलेलं, उघडं. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती आणि दिवसभर त्यांच्या मांडीवर बसून त्याच खिशात हात घालून बिस्कीट शोधायची. मी पातं बोटांत धरलं आणि मूठ मिटली. कापलं थोडं.

"निघालं काही?"

"काही नाही."

त्यांनी माझ्या मुठीकडे पाहिलं. मग हात खाली घेतले आणि म्हणाले, "उद्यापासून तिले माह्याजवळ देऊ नको."

मी ऐकलं नाही. मुलगी दुसऱ्या दिवशीही त्यांच्या मांडीवर बसली. फक्त मी सकाळी खिसे तपासू लागले, दुपारी तपासू लागले, संध्याकाळी तर होतंच. पुढे दीड वर्ष, ते जाईपर्यंत, दिवसातून तीनदा.